खाजन अभ्यासगट : पूर्वतयारीच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, 7 जुलै 2025

पाचव्या सत्राच्या प्रकल्पासाठी आमचा सहा जणांचा गट आज निश्चित झाला. एक सहकारी गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावरची, एक डिचोलीची, दोघे फोंड्याचे, एक वाळपईची आणि मी पेडण्याचा. विषय आहे दिवाडीच्या खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या शेतीत, बांध आणि मानशी (बांधातली पाणी अडवणारी आणि सोडणारी दारे) यांची देखभाल आज कशी चालते हा. अहवाल 17 ऑक्टोबरला सादर करायचा आहे. मार्गदर्शक प्राध्यापिकांनी पहिल्याच भेटीत एक अट घातली. ती अशी की, गट कसा काम करणार हे लेखी ठरेपर्यंत कोणीही शेतावर जायचे नाही. काहींना ही अट जाचक वाटली, कारण पाऊस चांगला लागला आहे, भाताची रोपे उभी आहेत आणि फेरीबोट जुन्या गोव्याहून दहा मिनिटांत पलीकडे जाते. मला मात्र ती योग्य वाटते. शेतकऱ्याच्या दारात सहा जण उभे राहिल्यावर कोण बोलणार आणि कोण लिहिणार हे ठरवत बसणे त्याच्या वेळेचा अपमान आहे.

नोंदवही ठेवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. प्रत्येक बैठकीची नोंद पुढच्या बैठकीच्या आरंभी वाचून दाखवायची, कोणाला हरकत असल्यास ती त्याच्याच शब्दांत त्याखाली लिहायची आणि मगच पुढे जायचे, असे ठरले. व्हॉट्सॲपवर झालेली चर्चा येथे उतरेपर्यंत तिला निर्णय मानायचे नाही. हा नियम डिचोलीच्या सहकारीने सुचवला आणि तो कोणत्याही चर्चेविना मान्य झाला. रात्री अकरानंतर फोनवर झालेल्या 'निर्णयां'चा अनुभव बहुधा सर्वांनाच आहे.

गुरुवार, 10 जुलै

आजच्या बैठकीपूर्वी प्रत्येकाने चार प्रश्नांची उत्तरे स्वतंत्रपणे, एकमेकांना न दाखवता लिहून आणली. आठवड्यात किती वेळ खरोखर देता येईल, घरी परतण्याची शेवटची बस कोणती, जवळ कोणती साधने आहेत, आणि मागच्या गटकामात कोणती गोष्ट खटकली, असे ते प्रश्न होते. उत्तरे एकत्र वाचल्यावर काही गोष्टी आपोआप स्पष्ट झाल्या. वाळपईच्या सहकारीला सायंकाळी पणजीहून वेळेत बस मिळाली नाही, तर पुढचा प्रवास अवघड होतो. फोंड्याचा एक सहकारी रविवारी वडिलांच्या दुकानात बसतो. लॅपटॉप दोघांकडेच आहे.

चौथ्या प्रश्नाची उत्तरे सर्वांत उपयोगी ठरली. ज्याच्याकडे लॅपटॉप असतो त्याच्या गळ्यात शेवटी सगळा अहवाल पडतो, ही तक्रार दोघांनी केली होती. एकीने लिहिले होते की तिला नेहमी 'सजावटीचे' काम, म्हणजे मुखपृष्ठ, आलेख आणि सादरीकरणाचे रंग, दिले जाते आणि विचार करण्याचे काम दुसरे करतात. एकाने लिहिले की बैठकीत तो बोलायला लागला की कोणीतरी वाक्य पूर्ण करून टाकतो. तो कोण, हे त्याने लिहिले नाही आणि आम्हीही विचारले नाही. या साऱ्या तक्रारी जुन्या गटांतल्या असल्या, तरी माणसे तीच आहेत आणि सवयीही त्याच असणार, हे धरूनच नियम केले पाहिजेत.

गटप्रमुख कोण, यावर थोडा वाद झाला. जो अधिक बोलतो त्याचेच नाव सहज पुढे आले. शेवटी दोन कामे वेगळी केली. मार्गदर्शकांशी संपर्क ठेवणारा समन्वयक अखेरपर्यंत एकच राहील, कारण त्यांना दर आठवड्याला नवा माणूस भेटणे बरोबर नाही. बैठक चालवण्याची पाळी मात्र फिरती असेल. बैठक चालवणाऱ्याने आपले मत सर्वांत शेवटी मांडायचे आणि जो अजून बोललेला नाही त्याला नाव घेऊन विचारायचे. 2010 साली अनिता वुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले होते की, गटाची एकत्रित कामगिरी त्यातल्या सर्वांत हुशार व्यक्तीच्या बुद्धिमत्तेशी फारशी जोडलेली नसते. सदस्य एकमेकांचे मनोभाव किती ओळखतात आणि बोलण्याची पाळी किती समान वाटली जाते, यांच्याशी ती अधिक जोडलेली असते. हे संशोधन वाचून आमचा गट हुशार होणार नाही, परंतु गप्प बसणाऱ्याला नाव घेऊन विचारायला एक सभ्य निमित्त मिळाले.

शनिवार, 12 जुलै

पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात दिवसभर वाचन केले. जागा निवडण्यामागे एक साधा हिशेब होता. कदंब या राज्य परिवहन सेवेच्या बसस्थानकावरून तेथे चालत जाता येते, त्यामुळे डिचोली, फोंडा, पेडणे आणि वाळपई या चारही दिशांच्या लोकांना ती सारखीच सोयीची आहे. वाचनाची वाटणी अशी केली की प्रत्येक मजकूर दोघांनी वाचायचा आणि दोघांनी वेगवेगळे टिपण काढायचे. दोन टिपणे जिथे जुळत नाहीत तिथेच मूळ मजकुराकडे परत जायचे. यात वेळ अधिक जातो हे खरे, परंतु एकाचा गैरसमज सहा जणांचा होत नाही.

पार्श्वभूमी म्हणून जे निश्चित झाले ते थोडक्यात लिहून ठेवतो. खाजन म्हणजे मांडवी, जुवारी यांसारख्या नद्यांच्या खाडीकाठची सखल, खारी जमीन बांध घालून शेतीखाली आणलेली. गोव्यात अशी जमीन सुमारे 18 हजार हेक्टर असल्याचे सांगितले जाते. बांधात ठिकठिकाणी मानस असते. तिचे लाकडी दार भरतीच्या पाण्याच्या दाबाने बंद होते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते, त्यामुळे खारे पाणी शेतात शिरत नाही आणि पावसाचे पाणी बाहेर निघून जाते. आतल्या बाजूच्या कालव्याला पोंय म्हणतात. पावसाने जमिनीतला क्षार धुऊन निघाल्यावर कोरगुटसारखी खारेपणा सोसणारी भाताची जात लावली जाते, आणि पोंयीतल्या मासेमारीच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते. ही व्यवस्था पूर्वी गावकरी संस्थेच्या, म्हणजे कोमुनिदादच्या, हाती होती. या संस्थांचा जो कायदा आजही आधार मानला जातो तो पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या वर्षातला, 1961 सालचा आहे. पुढे 1964चा कूळ कायदा आणि त्याची 1976ची पाचवी दुरुस्ती यांमुळे कसणारी कुळे मालक मानली गेली. बांधांची देखभाल कुळांच्या संघांवर आली आणि त्यासाठी कुळांच्या संयुक्त जबाबदारीचे 1975चे नियम आहेत.

फोंड्याच्या सहकाऱ्याने लगेच सुचवले की 'संयुक्त जबाबदारी' हा धागा घेऊन आपल्या गटाची आणि कुळांच्या संघाची तुलना प्रस्तावनेत करावी. सुचवणे आकर्षक होते, तरी मी विरोध नोंदवला. बांध फुटला तर शेतकऱ्याची कित्येक वर्षांची जमीन खारी होते, आमचा अहवाल बिघडला तर आमचे काही गुण जातात. ही तुलना आमच्या बाजूने फार स्वस्त आहे. चौघांनी विरोधाला साथ दिली आणि तो धागा सोडला.

याच बैठकीत आराखड्यातली सर्वांत मोठी दुरुस्ती झाली. पहिल्या कल्पनेनुसार आम्ही पोंयीतल्या पाण्याचा खारेपणा मोजून कोणता बांध गळतो ते सांगणार होतो. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. परंतु पावसाळ्यात मांडवीतून इतके गोडे पाणी वाहते की खाडीच्या वरच्या भागातला खारेपणा जवळजवळ नाहीसा होतो, आणि नदीच गोडी असताना आतल्या पाण्यावरून गळती कशी ओळखणार? मोजमाप सोडायचे नाही, परंतु त्याला साहाय्यक स्थान द्यायचे. ऑगस्टमध्ये एकदा आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या आरंभी एकदा मोजायचे. मुख्य प्रश्न असा ठेवला : मानस दुरुस्त करायची झाल्यास निर्णय कोण घेतो, पैसा कुठून येतो आणि प्रत्यक्ष काम कोण करतो? हा प्रश्न ऋतूवर अवलंबून नाही आणि सत्राच्या मुदतीत त्याचे उत्तर शोधता येते. गटातली पुष्कळशी भांडणे स्वभावामुळे होत नाहीत. मुदतीत न मावणारा प्रश्न हाती घेतल्यामुळे होतात, असे माझे मत आहे, आणि म्हणून ही दुरुस्ती मी गटाच्या तयारीचाच भाग समजतो.

शुक्रवार, 18 जुलै

कामाची वाटणी. मार्गदर्शकांनी वाचायला दिलेल्या टिपणात फ्रेंच कृषी अभियंता माक्स रिंगेलमान यांचे 1913 साली प्रसिद्ध झालेले दोर ओढण्याचे प्रयोग होते. माणसांची संख्या वाढेल तसा प्रत्येकाच्या जोराचा वाटा घटत गेला, आणि आठ जणांनी मिळून ओढल्यावर एकूण जोर आठ सुट्या माणसांच्या बेरजेच्या जेमतेम निम्मा भरला. यातली काही घट सर्वांनी एकाच क्षणी जोर न लावल्यामुळे होते, तर काही 'इतके जण आहेतच' या भावनेने होते. नंतरच्या काळात मानसशास्त्रज्ञ बिब लाताने आणि सहकाऱ्यांनी टाळ्या आणि आरोळ्या यांवर केलेल्या प्रयोगांत दुसरे कारण वेगळे काढून दाखवले, आणि पुढे असेही आढळले की प्रत्येकाचा वाटा ओळखता येणार असेल तर ही ढिलाई बरीचशी नाहीशी होते.

याचा अर्थ आम्ही दोन प्रकारे लावला. एक, सहा जणांनी मिळून करायचे काम शक्यतो ठेवायचेच नाही, सर्व कामे जोड्यांनी करायची. पहिली जोडी मानस आणि बांध यांचे निरीक्षण आणि मोजमाप करील, दुसरी मुलाखती घेईल, तिसरी कागदपत्रे, नकाशे आणि नियम पाहील. दुसरे असे की प्रत्येक नोंदीवर, छायाचित्रावर आणि तक्त्यावर ते करणाऱ्याचे नाव आणि तारीख असेल. गुगल ड्राइव्हवर फायलीचे नाव वर्ष, महिना, दिवस, जागा आणि जोडी या क्रमाने ठेवायचे, म्हणजे त्या आपोआप तारखेप्रमाणे लागतात. नावे लावण्याला एका सहकाऱ्याने आक्षेप घेतला. आपण एकमेकांवर पाळत ठेवतो आहोत असे त्याला वाटले. आक्षेप त्याच्या शब्दांत येथे नोंदवला आहे. त्यावर डिचोलीची सहकारी म्हणाली की पाळत ही दुसऱ्याच्या कामावर असते, येथे प्रत्येक जण स्वतःच्या कामावर स्वतःचे नाव घालतो आहे. आक्षेप मागे घेतला गेला नाही, तरी नियम एक महिना चालवून पाहण्यास तो तयार झाला.

अहवालाच्या लेखनाची वाटणी मुद्दाम लॅपटॉपच्या मालकीपासून तोडली. प्रत्येक जोडी आपले प्रकरण स्वतः लिहील, हाताने लिहिले तरी चालेल. टंकलेखन पाळीने होईल आणि ते लेखनापेक्षा वेगळे काम म्हणून वाट्यात मोजले जाईल. आलेख ज्या जोडीचे आकडे आहेत तीच काढील. 'सजावट' नावाचे काम यादीतून वगळले.

निर्णय कसे घ्यायचे, हेही आज लिहिले. सुरक्षिततेच्या बाबतीत एकाचा नकार पुरेसा आहे, त्याचे कारण विचारायचे नाही. पावसात बांधाची माती निसरडी होते, खेकड्यांच्या बिळांमुळे कडा आतून पोकळ असू शकते, आणि ज्याला तिथे उतरायचे नाही त्याने ते सिद्ध करण्याची गरज नाही. वस्तुस्थितीविषयी विधान करायचे तर त्याला दोन स्वतंत्र आधार हवेत. लेखनशैलीविषयी त्या प्रकरणाच्या जोडीचा शब्द अखेरचा. उरलेल्या बाबतीत बहुमत, परंतु विरोधी मत नोंदवहीत राहील.

सोमवार, 21 जुलै

बैठक लहान झाली. मागील नोंदी वाचल्या, मंजूर झाल्या. कागदपत्रांच्या जोडीने पत्रांचे मसुदे तयार केले आणि मार्गदर्शकांनी ते दुरुस्त करून दिले.

शनिवार, 26 जुलै

आजची बैठक या महिन्यातली सर्वांत लांब आणि माझ्या मते सर्वांत मोलाची. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी 2007 साली एक पद्धत मांडली होती. काम सुरू होण्यापूर्वीच ते पूर्णपणे फसले आहे असे धरायचे, आणि का फसले याची कारणे प्रत्येकाने गुपचूप लिहायची. 'काय चुकू शकेल?' असे विचारले की माणसे एकमेकांचा उत्साह मोडू नये म्हणून सौम्य बोलतात. 'फसलेच आहे, का ते सांगा' असे म्हटले की शंका बोलून दाखवणे हेच काम होऊन बसते. आम्ही 17 ऑक्टोबरची तारीख फळ्यावर लिहिली, खाली 'अहवाल परत आला' असे लिहिले आणि कागद वाटले.

अपेक्षित कारणे आलीच : फोन पाण्यात पडून छायाचित्रे गेली, चतुर्थीच्या सुट्टीत महिना निघून गेला, दोन जोड्यांनी एकाच शेतकऱ्याला तेच प्रश्न विचारून त्याला वैताग आणला. त्यांवर उपायही सोपे निघाले. छायाचित्रे त्याच सायंकाळी चढवायची. भेट घेतलेल्या घरांची एकच यादी ठेवायची आणि भेटीपूर्वी ती पाहायची. भेटीला जाताना आधी विचारून वेळ ठरवायची आणि लावणी-बेणणीच्या दिवसांत सकाळची वेळ टाळायची.

अवघड कागद एकच होता. त्यावर लिहिले होते : 'दिवाडीची आहे म्हणून सगळे तिच्यावर सोडले.' नंतर कळले की तो तिचाच होता. तिने शांतपणे बाजू मांडली. ओळखी करून देणे, वाट दाखवणे, जेवणाची सोय पाहणे, कोंकणीतले शब्द समजावणे, फेरीच्या वेळा सांगणे, ही सारी कामे गेल्या तीन आठवड्यांत न ठरवता तिच्याकडे गेली होती आणि वाटणीच्या तक्त्यात त्यांचा उल्लेख नव्हता. दुसरी गोष्ट अधिक नाजूक होती. तिचे काका कुळांच्या संघात आहेत. संघाच्या कारभारावर जे कोणी टीका करतील ते तिच्यासमोर मोकळेपणाने बोलणार नाहीत, आणि टीका अहवालात आली तर तिला घरी उत्तर द्यावे लागेल.

यावर बराच वेळ विचार झाला. एक सूचना अशी होती की तिने मुलाखतींतून पूर्ण बाहेर राहावे. ती तिनेच नाकारली आणि ते बरोबर होते. भाताच्या जाती, बांधाचे भाग, पाण्याचे वेळापत्रक याविषयी तिला जे कळते ते आम्हा कोणालाही कळत नाही, आणि ज्याला विषय कळतो त्याला वाटाड्या करून ठेवणे हे गटाचेच नुकसान आहे. अखेर असे ठरले : संघाच्या पदाधिकाऱ्यांच्या आणि तिच्या नातलगांच्या मुलाखती ती घेणार नाही आणि त्यांची टिपणे अहवालाचा मसुदा होईपर्यंत पाहणारही नाही. इतर शेतकऱ्यांना आरंभीच सांगायचे की गटातील एक विद्यार्थिनी याच गावातली आहे आणि तिचे नातलग संघात आहेत. हेच वाक्य अहवालाच्या पद्धती या भागातही येईल. ती निरीक्षणाच्या जोडीत राहील आणि मानशीचे प्रकरण तिचे असेल. फेरी, वेळा आणि जेवण ही कामे इतर पाच जणांत पाळीने वाटली. नकाशा आणि फेरीच्या वेळा कोणालाही शोधता येतात. त्यासाठी दिवाडीत जन्मावे लागत नाही, असे ती हसत म्हणाली आणि ते वाक्य नोंदवहीत लिहावे असा आग्रहही तिने धरला.

मंगळवार, 29 जुलै

वेळापत्रक ठरवले. कॉनी गर्सिक यांच्या 1988 सालच्या अभ्यासाचा सारांश मार्गदर्शकांनी समजावून सांगितला. त्यांनी आठ गट आरंभापासून अखेरपर्यंत पाहिले. काहींना आठवड्याची मुदत होती, काहींना सहा महिन्यांची. मुदत कितीही असो, पहिल्या भेटीत पडलेली कामाची रीत बहुतेक गटांनी जवळजवळ अर्ध्या मुदतीपर्यंत तशीच चालवली आणि मग मुदतीच्या मध्यावर एकदम मोठे बदल केले. गट घडण, वादळ, मेळ आणि कामगिरी या टप्प्यांतून जातो, हे ब्रूस टकमन यांचे 1965 सालचे वर्णन आमच्या पाठ्यक्रमात आहे आणि परीक्षेत ते लिहावेही लागते. तरी मुदतबंद कामासाठी मला गर्सिक यांचे निरीक्षण अधिक उपयोगाचे वाटते, कारण त्यावरून बैठकीची तारीख ठरवता येते.

आमच्या मुदतीचा मध्य मोजला तर तो नेमका 27 ऑगस्टला, चतुर्थीच्या दिवशी येतो. त्या दिवशी, आणि त्याच्या पुढेमागे काही दिवस, गोव्यात कोणी बैठकीला येईल अशी आशा करण्यात अर्थ नाही. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची आरास) बांधायची असते, गावच्या घरी जायचे असते. म्हणून मध्यावरची बैठक 22 ऑगस्टला, शुक्रवारी ठेवली. तिच्यात केवळ 'काय झाले' याचा आढावा घ्यायचा नाही. प्रश्न, जोड्या आणि नियम या तिन्ही गोष्टी नव्याने उघडायच्या, आणि कोणतीही बदलावीशी वाटली तर त्याच दिवशी बदलायची. नावे लावण्याच्या नियमावरचा आक्षेप तिथे पुन्हा येईल. सुट्टीत कोणालाही काम दिलेले नाही. काम देऊन ते होत नाही आणि मग अपराधीपणा तेवढा उरतो, त्यापेक्षा हे प्रामाणिक आहे.

शनिवार, 2 ऑगस्ट

सराव. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून पाण्याची विद्युतवाहकता आणि तिच्यावरून खारेपणा मोजणारे यंत्र मिळाले. पावसाळ्यातल्या कमी खारेपणासाठी साध्या हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरपेक्षा (प्रकाशाच्या वळण्यावरून क्षार मोजणाऱ्या उपकरणापेक्षा) ते बरे, कारण त्या उपकरणावर लिटरला एक ग्रॅमच्या आतला फरक धड वाचता येत नाही. मिठाचे वेगवेगळ्या तीव्रतेचे पाणी बाटल्यांत भरून, क्रमांक लपवून, दोन जोड्यांना स्वतंत्रपणे मोजायला दिले. आकडे जुळले नाहीत. कारण शोधल्यावर दिसले की एक जोडी प्रत्येक बाटलीनंतर यंत्राचे टोक शुद्ध पाण्याने धुत होती आणि दुसरी फक्त पुसत होती. पद्धत एकच लिहून काढली : धुणे, नमुन्याच्या पाण्याने खंगाळणे, आकडा स्थिर होईपर्यंत थांबणे, तापमान लिहिणे, तीनदा वाचणे. नंतर आकडे जुळले. आकडे न जुळण्याचे कारण यंत्रात नसून हातात होते, आणि ते शेतावर कधीच लक्षात आले नसते.

मुलाखतीच्या जोडीने दोन सहकाऱ्यांना शेतकरी मानून सराव केला. भाषेचा प्रश्न येथे नीट पुढे आला. 1987च्या कायद्याने कोंकणी ही राज्यभाषा आहे आणि मराठीचाही शासकीय कामासाठी वापर होतो. आम्हा बहुतेकांचे लेखन मराठीत, तर दिवाडीत संभाषण कोंकणीत होणार. अनेक ख्रिस्ती कुटुंबांत कोंकणी रोमी, म्हणजे रोमन, लिपीत वाचली जाते. म्हणून संमतीपत्र कोंकणीत, देवनागरी आणि रोमी अशा दोन्ही लिप्यांत तयार केले आणि ते प्रत्येकाला वाचूनही दाखवायचे ठरले. टिपण घेताना शेतकऱ्याचा शब्द जसाच्या तसा लिहायचा, मराठी प्रतिशब्द समासात. ध्वनिमुद्रण फक्त विचारून. सरावात दिसलेली आणखी एक गोष्ट अशी की, आमचा पहिलाच प्रश्न देखभालीच्या खर्चाविषयी होता आणि तो ऐकताच समोरचा सावध होत होता. क्रम बदलला. आधी मानस, तिचे दार, ते शेवटचे कधी बदलले, कोणी बदलले असे विचारत जायचे. पैशाची गोष्ट त्यातूनच निघते.

मंगळवार, 5 ऑगस्ट

बहुमताचा नियम प्रथमच वापरावा लागला. कागदपत्रांच्या जोडीला वाटत होते की एखाद्या संघाच्या हिशेबातली रक्कम मिळाली तर ती संघाच्या नावासह छापावी, मुलाखतीच्या जोडीला नाव नको होते. चार विरुद्ध दोन मतांनी नाव न छापण्याचे ठरले. विरोधी मत असे : 'सार्वजनिक पैशाचा भाग असेल तेथे नाव लपवणे योग्य नाही.' मला स्वतःला हा मुद्दा हलका वाटत नाही. मतदान नाव न छापण्याच्या बाजूने करूनही मी तो 22 तारखेच्या विषयपत्रिकेत घातला आहे.

शुक्रवार, 8 ऑगस्ट

मार्गदर्शकांनी लेखी नियम वाचून सही केली आणि पहिल्या क्षेत्रभेटीला परवानगी दिली. रविवार, 10 ऑगस्ट हा दिवस दोन कारणांनी घेतला. पौर्णिमा आदल्या दिवशी असल्यामुळे उधाण असेल आणि मानशीचे दार बंद होणे व उघडणे दोन्ही ठळक दिसेल. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची, भरती असते, तेव्हा हा फरक कमी पडला असता. शिवाय फोंड्याच्या सहकाऱ्याच्या वडिलांनी या एका रविवारी दुकानाची दुसरी सोय केली आहे.

अडचण वेळेची होती. उधाणाच्या दिवसांत येथे भरती दुपारच्या सुमारास पूर्ण होते आणि ओहोटी सायंकाळकडे ढळते. वाळपईच्या सहकारीला सायंकाळपर्यंत थांबता येणार नाही, डिचोलीच्या सहकारीलाही उशीर नको आहे. जोड्या मोडायच्या की दोघींनी धावपळ करायची, असा प्रश्न होता. दहा जुलैच्या उत्तरांचे कागद पुन्हा काढले आणि त्यांच्यावरूनच पाळी लावली. दार बंद होण्याचे निरीक्षण वाळपईची आणि दिवाडीची सहकारी सकाळी साडेदहापासून करतील, आणि वाळपईची सहकारी दुपारी जुन्या गोव्याच्या फेरीने निघेल. डिचोलीची सहकारी आणि मी दोन मुलाखती दुपारी संपवू, मग ती नार्व्याच्या फेरीने थेट डिचोलीच्या बाजूला उतरेल. तिला पणजीचा वळसा घेण्याची गरज नाही, हे नकाशा पाहताना फोंड्याच्या सहकाऱ्याच्या ध्यानात आले. दार उघडण्याचे निरीक्षण फोंड्याचे दोघे आणि दिवाडीची सहकारी करतील. मी त्यांच्यासोबत थांबेन, म्हणजे बांधावर कोणीही एकटे नसेल. पावसाचा जोर वाढला किंवा वीज कडाडू लागली तर बांध सोडायचा. हे कोणीही एकाने म्हटले की पुरे.

यंत्र आणि त्याचे जादा सेल कागदपत्रांची जोडी शनिवारी प्रयोगशाळेतून घेईल. नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावण्याचे काम माझ्याकडे आहे. जेवणाची पाळी फोंड्याची आहे आणि त्यांनी भाजीपाव आणण्याचे कबूल केले आहे. दिवाडीच्या सहकारीने घरी कोणालाही स्वयंपाक सांगायचा नाही, असे तिच्याच सूचनेवरून येथे लिहून ठेवले आहे.